सुट्टीतील आजीचा बंदोबस्त

इंदूरच्या सुजाण मराठी पालकांनी उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वीच आजीचा बंदोबस्त करून ठेवावा. फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसून मालिका पाहणाऱ्या आणि नातवंडांना विचारून खायला देणाऱ्या आजीपासून धोका नाही. धोका आहे तो पूर्वी निमाडातल्या खेड्यांत आढळणाऱ्या वाणाचा.

महू सोडून मीटरगेजची गाडी पाताळपाणीचा घाट उतरली आणि कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद खाऊन झाला, की माळव्याची हवा मागे पडे आणि निमाडच्या उकाड्याबरोबर त्या आजीचे राज्य सुरू होई. सुदैवाने ती गाडी २०२३ साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. आता पाताळपाणी ते कालाकुंड सहलीची हेरिटेज गाडी सोडतात, म्हणजे मुलांना घाट तेवढा दिसतो, पलीकडची आजी लागत नाही.

त्या राज्यात मुलांना रुची विचारण्याची पद्धत नव्हती. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजे, त्याचे पाणी रोज बदलावे लागे, मग तो वाटून, गाळून, सत्त्व रात्रभर खाली बसू दिले जाई, आणि पहाटे चीक शिजत असताना अंधारात पोरांना सोऱ्या दाबायला उठवले जाई. मोबदला म्हणून वाटीभर गरम चीक, वर दूध-साखर. पुढे दिवसभर काठी घेऊन कावळे हाकायचे. बालमजुरीचा कायदा १९८६ साली आला. त्यातही घरच्या उद्योगाला सूट होती, हे तिला कोणी सांगितले नाही तेच बरे.

पोहण्याचे शिक्षण तर सांगूच नये. पाठीला वाळका भोपळा बांधून ती पोराला विहिरीत ढकलून देई आणि कासोटा खोचून, दोर मनगटाला गुंडाळून काठावरून ओरडे, "पाय मार, मेल्या! विहीर तुझ्याच आजोबांची आहे, घाबरतोस कुणाला?" याच बाईने सारा मागायला आलेल्या पटवाऱ्याला ओसरीखाली उभे करून पै-पैचा हिशोब विचारलेला मुलांनी पाहिलेला असे, आणि बाईमाणसाने सरकारी माणसाला असे बोलायचे असते, असा भलताच समज मुलींच्या डोक्यात कायमचा बसे.

तेव्हा मुलांना शहराबाहेरच्या एखाद्या 'ग्रामजीवन' शिबिरात घालावे. तेथे तासभर चाकावर माती फिरवता येते, बैलगाडीत बसून फोटो निघतो, पोहायला कमरेइतके पाणी असते, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. कुरडया पाकिटात मिळतात.

मात्र सोफ्यावरच्या आजीवर थोडी नजर ठेवावी, कारण तिला त्याच विहिरीत कोणीतरी कधी ढकललेले असण्याचा संभव आहे. माळ्यावरचा पितळी सोऱ्या तिने मागितला तर तो मोडीत गेल्याचे सांगावे. नातीला पोहायला मीच शिकवते, असे म्हणू लागली तर मात्र वाद घालू नये. प्रशिक्षकाचा दाखला आहे का, एवढेच अदबीने विचारावे.