खुलासा : सिल्व्हरचा पाय लाकडी नव्हता

‘लाँग जॉन सिल्व्हर हा लाकडी पायाचा खराखुरा समुद्री चाचा होता आणि त्याचं बेट कॅरिबियनमध्ये आजही दाखवतात’ ही माझी परवाची पोस्ट बरीच फिरतेय. चूक माझीच. आठवणीवर विसंबून लिहिलं. काल सिल्व्हर ज्यात आहे ती स्टीव्हन्सनची कादंबरी ‘ट्रेझर आयलंड’ पुन्हा काढून वाचली.

सिल्व्हर काल्पनिक आहे. त्याचा डावा पाय पार कमरेजवळून कापलेला. लाकडी पाय नाहीच, डाव्या काखेत कुबडी. जहाजावर तो ती दोरीने गळ्यात अडकवतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे. मग कुबडीचं टोक भिंतीशी रोवून, जहाज हेलकावेल तसा झुलत हा आचारी रांधत राहतो! (बदमाश खरा, पण कामाला वाघ.) स्टीव्हन्सनला तो सुचला पाय गमावलेल्या हेन्ली या कविमित्रावरून.

बेटाचं म्हणाल, तर गोष्ट सांगणारा जिम पहिल्याच वाक्यात सांगतो की ठिकाण तेवढं सांगणार नाही, खजिना अजून शिल्लक आहे. बेटाचा नकाशा १८८१ साली स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला, स्टीव्हन्सनच्या सावत्र मुलाच्या संगतीत रंगला आणि त्यातून गोष्ट निघाली. पुस्तक १८८३चं.

जुनी पोस्ट मी काढलीय. तुमच्या ग्रुपवर आली असेल तर कृपया पुढे पाठवू नका, त्याखाली हा खुलासा टाका.