दोन लेझर पेन आणि न दिसणारे पट्टे

प्रॅक्टिकलच्या तोंडावर बारावीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'एकाच रंगाचे दोन लेझर पेन भिंतीवर एका जागी मारा, व्यतिकरणाचे पट्टे दिसतील. लेझर १०० टक्के कोहेरंट, सूर्यप्रकाश शून्य. रंग एक म्हणजे कोहेरंट.' (व्यतिकरण म्हणजे दोन लाटा मिसळून कुठे उजेड, कुठे अंधार होणं. कोहेरंट, म्हणजे सुसंगत: लाटांच्या कलेतला, चढउताराच्या टप्प्यातला, फरक न बदलणारा.) भाचीच्या जर्नलमध्येही तो उतरलाय, म्हणून हा खटाटोप.

पट्टे दिसत नाहीत. '६५० नॅनोमीटर' छापलेल्या दोन पेनांत एखाद्या नॅनोमीटरचा फरक सहज असतो. तेवढ्यानेच वारंवारतेत सुमारे ७०० अब्ज हर्ट्झचं अंतर पडतं, म्हणजे पट्टे सेकंदाला तितक्या वेळा सरकतात. डोळा काय नि मोबाईलचा कॅमेरा काय, दोघांना दिसते ती सरासरी: सपाट लाल डाग. 'पण सर, दाणे दिसले!' ते स्पेकल. भिंतीच्या खडबडीतपणामुळे येतात. एक पेन बंद करा, दाणे राहतातच.

दोन स्वतंत्र लेझरांचे पट्टे कधीच मिळत नाहीत असं मात्र नाही, एवढं कबूल. मॅग्यार आणि मँडेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ते दाखवले. पण कसे? स्पंदांच्या, म्हणजे क्षणभरच चमकणाऱ्या लेझरांनी, आणि पट्टे सरकायच्या आत चित्र टिपून. पेनांना चिकटपट्टी लावून ते जमत नाही.

पट्टे हवेतच, तर एक पेन पुरतो. तोंडावर केस ताणून चिकटवा, भिंत २ मीटरवर ठेवा. केस ८० मायक्रोमीटर जाड असेल तर काळ्या रेघा साधारण १६ मिलिमीटरच्या अंतराने पडतात. केसाच्या दोन्ही बाजूंनी जाणारा प्रकाश एकाच उगमातला, म्हणून कलेतला फरक टिकतो. किरण डोळ्यांत जाऊ देऊ नका, आरशावर तर मुळीच मारू नका.

सूर्यप्रकाश शून्य? लेझर आला १९६० साली. शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०३ मध्ये सूर्याचाच किरण बारीक छिद्रातून घेऊन, इंचाच्या तिसाव्या भागाएवढ्या कार्डाच्या पट्टीने दुभागून पट्टे दाखवले. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद, त्यामुळे थेट उन्हात सुसंगती जेमतेम ०.०६ मिलिमीटरपुरती असते, म्हणजे किरणाच्या रुंदीत त्याहून लांबच्या दोन जागांचा प्रकाश पट्टे देत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून गाळला की मीटरभर पुढे ती १ मिलिमीटरवर जाते. छिद्र त्यासाठीच.

१०० टक्के लेझरही नसतो. प्रयोगशाळेतल्या साध्या हीलियम-निऑन लेझर नळीचा किरण दुभागून परत एकत्र आणला, तर त्याचे पट्टे दोन वाटांत २०-३० सेंटिमीटरचा फरक पडला की विरतात.

राहिला 'रंग एक'. सोडियमचा दिवा डोळ्याला एकच पिवळा दिसतो, पण त्यात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर अशा दोन रेषा असतात. मायकेल्सनच्या उपकरणात (ते प्रकाश दुभागून दोन आरशांवरून परत एकत्र आणतं) एक आरसा सरकवत जा: दर ०.२९ मिलिमीटरला पट्टे पुसट होऊन परत उमटतात.