घरच्या माणसांचा रोज

चांदवड तालुक्यात आमची दोन एकर जमीन. दीड एकरात उन्हाळी कांदा, उरलेल्यात थोडा गहू आणि दोन गाईंपुरता घास. फाल्गुन लागला की शहरातल्या मित्रांचे फोन येतात, "पळस फुलला असेल ना रे तिकडे?" फुलतो की. पण तो बघायला मान वर करावी लागते, आणि या दिवसांत आमचं सगळं घर खाली वाकलेलं असतं.

यंदा मी एक उद्योग केला. काढणी सुरू झाली त्या दिवसापासून वहीत बाहेरच्या बायांसोबत घरच्यांचेही रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मांडले. आमच्याकडे बाईचा रोज 350, गड्याचा 500. बाहेरच्या 6 बाया 7 दिवस आल्या, त्यांचे झाले 14,700. आई, बायको, आप्पा आणि मी मात्र सलग 18 दिवस. घरचा आकडा 30,600. आमच्या वहीत रोपापासून ताडपत्रीपर्यंत सगळं असायचं, हे तीस हजार आजवर कुठंच नव्हते.

आप्पांनी वही चाळली आणि चष्मा काढून ठेवला. "घरच्या माणसाची मजुरी धरायची म्हटलं तर कांदा करायलाच नको."

मी म्हटलं, आप्पा, मग इतकी वर्षं आपण नफा कशाला म्हणत होतो? तोटा होताच. फक्त तो आईच्या कमरेत जाऊन बसत होता. आप्पा काही बोलले नाहीत, गाईंना पाणी पाजायला उठून गेले. (त्यांची वाद संपवायची हीच पद्धत आहे.)

हे माझं काही नवीन डोकं नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग गव्हाचा खर्च काढतो तेव्हा घरच्यांच्या कष्टाची किंमतही त्यात धरतो. पण कांदा हमीभावाच्या यादीतच नाही. शिवाय डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली ती उठली थेट मे 2024 मध्ये, तोवर ज्याला पैशाची नड होती त्याचा माल विकून झालेला. म्हणून सरकारवर राग आहेच. पण सरकार हिशेब धरत नाही म्हणून ओरडायचं आणि आपल्या ओसरीवरच्या वहीत आईचं नावही नाही, हे मला यंदा टोचलं.

कारण आईचा दिवस मी पहिल्यांदाच नीट पाहिला. एखाद्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असते, तेव्हा आप्पा बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातात आणि त्याचं कौतुक गावभर होतं. त्यांना दार उघडून देणारी, परत येईपर्यंत जागी असणारी आई त्या गोष्टीत नसते. पहाटे धारा, डेअरीचं दूध, चूल, भाकऱ्या, मग वावर. दुपारी बाया सावलीला टेकल्या की ही घरी पळते, कारण कुरडयांचे गहू तीन दिवस भिजलेत आणि आज चीक काढला नाही तर आंबून वाया जाईल. पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंब-गूळ खाल्ला आणि नऊच्या आत सगळे वाफ्यात. त्याच आठवड्यात रात्री ढग गडगडले तेव्हा ढिगावर ताडपत्री ओढायला सगळ्यात आधी धावली तीच, अनवाणी. यातलं काहीच त्या 30,600 मध्ये नाही, कारण धारेचा आणि कुरडईचा रोज किती लावायचा हे मला कळेना.

वहीतली खरी चूक मात्र बायकोनं काढली. पात कापण्यात ती माझ्या पुढे असते, आणि गोल्टी, जोड, डेंगळा असला हलका कांदा वेगळा काढताना तिचा हात थांबतसुद्धा नाही. मी काही विचार न करता तिच्यापुढे 350 लिहिले होते, माझ्यापुढे 500. तिनं पेन घेतला, दोन्ही बायकांच्या ओळीतले 350 खोडून 500 केले आणि वही माझ्याकडे सरकवली. बेरीज झाली 36,000.

आमच्याच चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेनं शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. पुढं बायकोच्या नावे जमीन करून द्यायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम झाली, आणि नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय सरकारनं 1992 मध्ये केली. आमच्या सातबाऱ्यावर आजही एकट्या आप्पांचं नाव आहे. का, तर कुणी विषयच काढला नाही. आता मी काढलाय. आप्पा सध्या गाईंना दिवसातून बऱ्याचदा पाणी पाजतायत.

राहिली आई. वही दाखवली तेव्हा आधी हसली. "मला पगार देतो का आता?" मग विचारलं, "यात खाडा कसा मांडतात?"

म्हटलं, ज्या दिवशी मजूर येत नाही त्या दिवशी फुली.

"मग मांड दोन फुल्या. शेजारच्या बाया गडावर चालल्यात सप्तशृंगीच्या यात्रेला, मीबी जाते. बायकांना एसटीला निम्मंच तिकीट आहे. माझ्या रोजातले पाचशे दे."

लग्न झाल्यापासून ऐन कांद्यात ती पहिल्यांदाच घराबाहेर मुक्कामाला गेलीय. वहीत दोन फुल्या पडल्यात. आणि 8 गुंठे कांदा अजून उपटायचा बाकी आहे.