भोक खरं की चित्रातलं?

कवटी, धूर आणि रक्तप्रवाह संगणकावर कसे दाखवतात यावरचा तुमचा लेख आवडला, पण 'सीटी स्कॅनचं मशीन कवटीचा थ्रीडी फोटो काढतं' हे वाक्य खटकलं. मशीन देतं ते पावाच्या स्लाइससारखे आडवे छेद आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. पाणी ०, हवा उणे १०००, हाड कित्येक शे. कुठल्या आकड्यापुढे हाड धरायचं ते ठरलं की त्यावरून त्रिकोणांचा पृष्ठभाग विणतात. ही 'मार्चिंग क्यूब्ज' पद्धत लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली.

गेल्या वर्षी आई कर्वे रोडवर स्कूटरवरून पडली. सीटी स्कॅन केला. स्क्रीनवर त्याचं थ्रीडी चित्र बघतो तर डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी चक्क भोक! पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी शांतपणे मूळ छेद दाखवले; हाड शाबूत. तिथलं हाड कागदासारखं पातळ. शेजारच्या हवेत-चरबीत मिसळून आकडा खाली येतो आणि चित्रात भोक पडतं.

आता प्रवाहाचं. सिनेमातला धूर आणि धमनीतलं रक्त 'एकाच गणितावर' चालतात म्हणता. समीकरणं द्रव-वायूंच्या प्रवाहाची, नेव्हियर-स्टोक्सचीच, कबूल. पण संगणकावर असा धूर हलवायची जोस स्टॅमची १९९९ची पद्धत घ्या: वेळेच्या मोठ्या टप्प्यांनाही तिचं गणित कोसळत नाही, त्या बदल्यात बारीक भोवरे विरून जातात. (पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की लकडी पुलावरून बघा, खांबामागे सुटतात ते.) धुरात दोन-चार भोवरे कमी झाले तर कोण विचारतो? नंतर ते परत घालायच्या युक्त्याही निघाल्या, दिसायला झकास. पण धमनीची भिंत कमकुवत होऊन तिला फुगा येतो, त्या फुग्याच्या भिंतीवरचा ताण मोजायचा तर असे वरून घातलेले भोवरे चालत नाहीत.