‘शेवटचा रँक’ किती जागांचा? खानापूरच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया इतरांसाठी थोडक्यात मांडतो. कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या आमच्या तक्त्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर सायन्सला ३बी (कर्नाटकातला एक आरक्षण गट) मधला गेल्या वर्षीचा शेवटचा रँक, म्हणजे जागा मिळालेल्या शेवटच्या मुलाचा रँक, ३८ हजार होता. तुमच्या मुलीचा रँक ३१ हजार, तरी पहिल्या फेरीत तिला तिथे कॉम्प्युटर मिळालं नाही, ईसी (इलेक्ट्रॉनिक्स) मिळालं. तिच्याच पीयू (अकरावी-बारावी) कॉलेजातल्या, ३बी मधल्याच दुसऱ्या मुलीला मात्र ३६ हजारांवर कॉम्प्युटर मिळालं. ‘असले अंदाज छापून पालकांना फसवू नका, त्यापेक्षा सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्राचा रस्ता दाखवा,’ असं तुम्ही म्हणता.

पहिल्या मुद्द्यावर चूक आमची आहे. तक्त्यात रँक दिला, पण त्या रँकमागे किती जागा होत्या ते दिलं नाही. जागांचा आकडा नसेल तर ‘शेवटचा रँक’ दिशाभूलच करतो. म्हणून हिशेब इथे मांडतो.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजात साधारणपणे ४५ टक्के जागा केईएकडे (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) म्हणजे राज्याच्या सीईटीकडे जातात, ३० टक्के कॉमेडकेकडे (खाजगी कॉलेजांची संयुक्त प्रवेश परीक्षा) आणि २५ टक्के मॅनेजमेंटकडे. ६० जागांची शाखा असेल तर सीईटीच्या जागा २७. आरक्षण काढल्यावर त्यातल्या जीएमकडे (खुला गट) साधारण १२ राहतात. ३बी चा वाटा ५ टक्के, म्हणजे १.३५. याचा अर्थ एक जागा, कधी दोन. त्या जागेवर गेल्या वर्षी ३८ हजारवाला मुलगा बसला, एवढंच तो आकडा सांगतो. त्याच्या आधीच्या रँकची ३बी ची मुलं जीएममधून बसली असतील किंवा दुसऱ्या कॉलेजात गेली असतील. यंदा २९ हजारवाल्या एकाने जरी तो पर्याय तुमच्या मुलीच्या आधी मिळवला, की जागा संपली. पेपर कठीण होता की सोपा, याचा इथे काही संबंध नाही. बारा जागांचा जीएमचा शेवटचा रँक दरवर्षी थोडाफार हलतो. एका जागेचा रँक कुठेही उडी मारतो.

त्यामुळे ३बी, ३ए अशा कमी जागांच्या रांगेत अंदाज बांधताना आधी त्याच शाखेचा जीएमचा शेवटचा रँक धरा. तीन वर्षांचे आकडे घ्या आणि तिन्ही शेवटच्या फेरीचेच घ्या. पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणं ही सर्रास होणारी चूक आहे. तिन्हींत सगळ्यात कडक वर्ष कोणतं ते बघा. त्या वर्षीच्या जीएमच्या आत आपला रँक असेल तरच ‘बहुतेक मिळेल’ म्हणायचं. जीएमच्या बाहेर आणि ३बी च्या आत असेल तर ‘मिळालं तर मिळालं’. तुमच्या मुलीचं नाव या दुसऱ्या गटात होतं आणि आम्ही ते पहिल्या गटात दाखवलं.

आता ३६ हजारवाली मुलगी. ३बी ही एकच रांग नाही. ३बीजी, ३बीआर, ३बीके अशा तीन वेगळ्या रांगा आहेत: साधारण, ग्रामीण आणि कन्नड माध्यम. ती बहुधा ३बीआर मधून बसली. ग्रामीण कोट्याला पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेली असावी लागतात. तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती आणि आठवीपासून बेळगावातल्या हायस्कूलला. त्या तीन वर्षांनी ग्रामीण कोटा गेला, मग रेशनकार्डावर पत्ता गावचा असला तरी उपयोग नाही. आमच्याकडे हे घरोघरी होतं. येळ्ळूर, कंग्राळी, उचगावची मुलं आठवीला बसने शहरात येतात आणि त्याचा परिणाम बारावीनंतर कळतो. खानापूर गाव म्हणावं, तर तिथे पट्टण पंचायत (नगरपंचायत) आहे, म्हणजे त्या हद्दीतली शाळाही ग्रामीण धरत नाहीत. धाकटं भावंड असेल तर हे आत्ताच बघून ठेवा. शाळेचं माध्यम मराठी असलं तरी ग्रामीण कोटा मिळतो. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटा मात्र मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना नाही, म्हणून ‘के’ची रांग त्यांनी तक्त्यात वाचायचीच नाही.

मार्कांवरून रँक काढणाऱ्या तक्त्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. इंजिनिअरिंगचा रँक निम्मा पीयूच्या पीसीएमवर (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि निम्मा सीईटीवर ठरतो. पीयूचे ३०० पैकी, सीईटीचे १८० पैकी. म्हणजे सीईटीतले ३ मार्क आणि पीयूतले ५ मार्क यांचं वजन सारखं. पीयूत २८२ आणि सीईटीत १०८ असतील तर ४७ अधिक ३०, एकूण ७७. पीयूत २५२ आणि सीईटीत १२६ असले तरी ७७च. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ तोटा. पण ७७ ला कोणता रँक, हे दरवर्षी बदलतं. २०२४ मध्ये अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून ५० प्रश्न मूल्यमापनातून वगळले होते. त्या वर्षीचे मार्क दुसऱ्या वर्षीच्या मार्कांशी जुळवणारा तक्ता कुणी देत असेल तर तो बाजूला ठेवा. निकालात आलेला स्वतःचा रँकच धरा.

महाराष्ट्राचं म्हणाल तर तो रस्ता खरा आहे आणि तो सांगायलाच हवा. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना तिथल्या सीईटी प्रवेशात ‘टाइप ई’ म्हणून महाराष्ट्राचे उमेदवार धरतात. पण त्याने शक्यता आपोआप वाढत नाही. तिथे रँक फक्त एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो, पीयूचे मार्क पात्रतेपुरते. पीयूत ९४ टक्के आणि सीईटीत मध्यम, अशा मुलीला कर्नाटकात निम्म्या वजनाचा आधार मिळतो, तो तिथे मिळत नाही. शिवाय आपला ३बी चा दाखला तिथे चालत नाही, त्यामुळे स्पर्धा खुल्या गटात. ज्याची प्रवेश परीक्षा बोर्डापेक्षा चांगली जाते, त्याने हा फॉर्म जरूर भरावा. उलटं असेल त्याने फक्त त्याच्यावर विसंबू नये.

जेईईवाल्यांसाठी एकच गोष्ट. एनआयटीत ‘होम स्टेट’ बारावी कुठून झाली त्यावर ठरतं. निपाणीचा मुलगा बारावीला कोल्हापुरात गेला की सुरतकलच्या (कर्नाटकातली एनआयटी) निम्म्या, राज्यासाठी राखीव जागांतून तो बाहेर पडतो आणि नागपूरला आत येतो. धारवाडच्या आयआयटीला असा राज्याचा कोटा नाही.

आता तुमच्या मुलीचं. मिळालेली ईसीची जागा सोडायची नसेल तर फेरीनंतर केईएला जो चॉईस कळवायचा असतो, त्यात चॉईस ३ देऊ नका. त्यात हातची जागा जाते आणि पुढच्या फेरीत काही मिळेलच असं नाही. चॉईस २ मध्ये ही जागा राहते आणि यादीत तिच्या वर असलेल्या पर्यायांचा विचार होतो. मात्र वरचं काही मिळालं की ईसी आपोआप जातं, मागे फिरता येत नाही. म्हणून मुदत संपायच्या आत मुलीला शेजारी बसवून यादी उघडा आणि ईसीच्या वरच्या प्रत्येक ओळीवर विचारा: हे मिळालं तर ईसी सोडशील का? ‘नाही’ म्हणाली तर ती ओळ काढून टाका. जिथे ‘हो’ म्हणेल त्या ओळी, मिळायची शक्यता कितीही कमी वाटली तरी, तशाच राहू द्या. वर एखादं अवघड कॉलेज ठेवल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही.

तक्त्यात जीएम आणि ३बी च्या प्रत्येक रांगेपुढे जागांचा रकाना घालतो आहे.