तिसऱ्यांमधलं विष: एका मालवणकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा लांबलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चार पिढ्या खाडीतल्या तिसऱ्या (शिंपले) खाल्ल्या, कोणाला काही झालं नाही, आजी टोपात चांदीचं नाणं टाकायची, ते काळं पडलं नाही की बिनधास्त जेवायचं, असल्या चाचणीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, आणि मी शिंपल्यांतलं विष ओळखणाऱ्या, हातात मावणाऱ्या सेन्सरचं कौतुक करून बाजारात वाटे लावणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आणतोय.

आधी नाणं. चांदी काळी पडते ती गंधकाने. तिसऱ्यांत कधीकधी साठणाऱ्या सॅक्सिटॉक्सिन या विषात गंधकच नाही, त्यामुळे नाणं चकचकीत राहील आणि माणूस आडवा होईल. उकळूनही ते नष्ट होत नाही. थोडं रश्शात उतरतं, आणि रस्सा तर आपण आधी ओरपतो!

चार पिढ्यांचं म्हणाल, तर हे विष तिसरीचं स्वतःचं नव्हेच. पाण्यातल्या काही सूक्ष्म शैवालांचं ते. तिसरी पाणी गाळून खाते, विष साठवते, स्वतः ठणठणीत राहते. वासात, चवीत फरक नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एखाद्या हंगामात होतं. 1981 साली तामिळनाडूत अशा शिंपल्यांनी 3 जणांचा जीव घेतला, 1983 साली मंगळूरजवळ तसाच प्रकार झाला. मंगळूर आपल्याच किनाऱ्यावर आहे. बरं, पाणी बघूनही कळत नाही. रात्री लाटा निळ्या चमकतात त्या बहुधा नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवामुळे, आणि तो हे विष तयार करत नाही. उलट पाणी नितळ दिसत असतानाही शिंपल्यांत विष असू शकतं.

आता तो सेन्सर, म्हणजे चाचणीची पट्टी. शिंपल्यांचं मांस वाटून त्यातला अर्क काढायचा. काही किटमध्ये त्यासाठी व्हिनेगर आणि अल्कोहोल पुरतं. त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. कोरोनाच्या किटसारखीच दिसते, पण वाचायची उलटी: दोन ठळक रेषा म्हणजे माल ठीक, चाचणीची रेषा पुसट झाली की संशय. विष जितकं जास्त, तितकी रेषा फिकी. किलोमागे 0.8 मिलिग्रॅम ही मर्यादा बऱ्याच देशांत मानतात, पण पुसट म्हणजे नेमकी किती पुसट हे डोळ्याला ठरवता येत नाही. म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने रेषा मोजायची खटपट चालली आहे.

पट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटतं. सॅक्सिटॉक्सिनची पन्नासहून जास्त भावंडं, म्हणजे त्याच्यासारखीच रसायनं आहेत, आणि त्यांतलं निओसॅक्सिटॉक्सिन तर बऱ्याच पट्ट्यांना नीट ओळखताच येत नाही. शिवाय एका तिसरीवरून पाटीचा निकाल लागत नाही, अनेकींचं मांस एकत्र वाटावं लागतं. संशय आला की नमुना लॅबला पाठवायलाच हवा.

राहिला पोटाचा प्रश्न. आज विषबाधेची नुसती कुजबुज झाली तरी गिऱ्हाईक सगळ्याच वाट्यांकडे पाठ फिरवतं. कुठल्या खाडीचा माल, कोणी विचारत नाही. ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बाईकडे आपल्या मालाच्या बाजूने दाखवायला काहीच नसतं. त्या दिवशी त्या खाडीची चाचणी झालेली असेल, तर निदान एवढं तरी सांगता येईल. म्हणून पट्टी खाणाऱ्याच्या खिशात नको, मच्छीमार सोसायटीकडे हवी. खर्च वाटेवालीच्या माथी मारायचा नाही, तो सरकारने उचलायचा. आणि त्यासाठी भांडायचं असेल, तर मी तुमच्या बाजूने आहे.