‘महिन्याभरात धष्टपुष्ट’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रेस्क्यू केलेल्या हाडकुळ्या कुत्र्याचा फोटो कुणी टाकला, की खाली थोड्याच वेळात एक ठरलेला मजकूर येऊन पडतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सल्ला तोच असतो: ‘महिन्याभरात कुत्रा धष्टपुष्ट करा. भांडं कधी रिकामं ठेवू नका, तो स्वतःहून थांबेपर्यंत वाढत राहा. दुधात कच्ची अंडी फेटून द्या, वर लोणी घाला. जंताची एक गोळी द्या. जिमवाल्यांची प्रोटीन पावडर चमचाभर मिसळा. रोज सायकलबरोबर पळवा, मसल आपोआप येतील. बरगड्या दिसेनाशा झाल्या की तुम्ही जिंकलात.’

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हे मान्य. पण यातला पहिलाच सल्ला खरोखर उपाशी राहिलेल्या कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून त्याच्यावरच जास्त बोलणार आहे.

‘तो थांबेपर्यंत वाढत राहा’

बरेच दिवस अन्न न मिळालेलं शरीर वेगळ्या पद्धतीने चालू लागतं. यकृतातला साखरेचा साठा लवकर संपतो, मग चरबी वितळते आणि तिच्याबरोबर स्नायूही. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे पेशींच्या आत आटत जातात, पण रक्तातलं प्रमाण शरीर कसंबसं टिकवून धरतं. त्यामुळे पहिल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट बऱ्यापैकी ठीकही दिसू शकतो. अशा कुत्र्यासमोर एकदम भरपूर अन्न, त्यातही पिष्टमय अन्न आलं, की इन्शुलिन उसळतं. पेशी साखर आत ओढतात आणि तिच्यासोबत रक्तात उरलेलं फॉस्फरस-पोटॅशियमही. रक्तातलं प्रमाण धाडकन खाली येतं. हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात, तांबड्या पेशी फुटू लागतात. बी-१ जीवनसत्त्वाचा साठाही याच वेळी संपतो, त्याचा फटका मेंदूला बसतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छळछावण्यांतून आणि युद्धकैद्यांच्या तळांवरून सुटलेली माणसं पोटभर जेवल्यानंतर दगावली, तेव्हा डॉक्टरांचं लक्ष याकडे वेधलं गेलं. कुत्र्याच्या शरीरातही हेच घडतं.

धोक्याचा काळ पहिल्या चार-पाच दिवसांचा. चांगला खात असलेला कुत्रा अचानक मलूल झाला, झोकांड्या खाऊ लागला, धापा टाकू लागला, लघवी गडद झाली किंवा झटका आला, तर ‘जास्त खाल्लं असेल, झोपू दे’ म्हणत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा.

मग द्यायचं किती? पशुवैद्य यासाठी एक साधं सूत्र वापरतात. वजनाच्या किलोंचा घन करायचा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि ७० ने गुणायचं. नुसतं पडून राहायला लागणारी दिवसाची ऊर्जा कॅलरीत मिळते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे अर्ध्या मिनिटात होतं. १२ किलोच्या कुत्र्याला ती साधारण ४५० भरते. हे वजन आजचं धरायचं, तो किती किलोचा असायला हवा ते नाही. खूप खंगलेल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी या ४५० चा पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे ११० ते १५० कॅलरी, तेही चार-सहा वेळांत विभागून. तिथून चार-पाच दिवसांत पूर्ण आकड्यापर्यंत जायचं. शी घट्ट आहे, उलटी नाही, डोळ्यांत तरतरी आहे असं दिसलं की त्यापुढे थोडं थोडं वाढवत न्यायचं. पाणी मात्र पहिल्यापासून समोर हवं.

इथे हमखास ऐकू येतं: ‘अहो, तो भुकेने कळवळतोय आणि तुम्ही गणितं कसली करताय?’ कळवळतोय हे खरंच आहे. पण उपाशी कुत्र्याची भूक त्याला किती पचेल ते सांगत नाही. पुन्हा मिळेल की नाही याची खात्री नसलेला प्राणी समोरचं सगळं गिळतो, दगड लागला तरी गिळतो. तो थांबेल या भरवशावर राहण्यात काही अर्थ नाही. छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांत तर एका वेळचं भलंमोठं जेवण पोट फुगून पीळ पडण्याचा धोका वाढवतं, आणि तो प्रकार काही तासांत संपवतो.

एक फरक मात्र लक्षात घ्या. रोज काहीबाही खात होता पण बारीक राहिला, अशा कुत्र्याला इतकी काटेकोर सुरुवात लागत नाही. ही पथ्यं ज्याच्या पाठीचे मणके, खुबे, बरगड्या लांबूनही मोजता येतात किंवा जो अनेक दिवस उपाशी होता हे ठाऊक आहे, त्याच्यासाठी. अशाला पहिले काही दिवस डॉक्टरच्या नजरेखाली ठेवणं सगळ्यात चांगलं. कोणता कुत्रा कुठल्या गटात बसतो हे फोटो पाहून मला सांगता येत नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्यालाही येत नाही.

‘दूध, कच्ची अंडी, लोणी’

दूध सोडल्यानंतर बहुतेक कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी होत जातं. परिणाम जुलाब. खंगलेल्या कुत्र्याला जुलाब म्हणजे मिळवलेलं सगळं वाहून जाणं. अंडं उत्तम, पण शिजवून. कच्च्या पांढऱ्या बलकातलं ॲव्हिडिन बायोटिन बांधून ठेवतं, आणि साल्मोनेला अशक्त प्राण्याच्या शरीरात सोडायची गरज नसते. एका उकडलेल्या अंड्यात साधारण ७० कॅलरी आणि उत्कृष्ट प्रथिनं मिळतात, तेवढं बास.

लोण्याबद्दल जरा कडक बोलतो. स्निग्ध पदार्थ एकदम वाढवले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती वेदनादायक असते, कधीकधी जीवघेणीही. समजा तसं झालं नाही, तरी हिशेब पाहा. मोठा चमचाभर लोणी म्हणजे सुमारे १०० कॅलरी आणि प्रथिनं जवळपास शून्य. तितकं पोट भरलं, तितकं खरं अन्न कमी खाल्लं. काटा वर जातो, फोटो छान येतो आणि मांड्या तशाच काटकुळ्या राहतात. पूर्ण आहाराबाहेरच्या गोष्टी दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे नेऊ नयेत, हा जुना नियम इथेही लागू आहे.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि नुसतं मांस सुरू करतात. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं असतं. आठवडेच्या आठवडे तेच दिलं तर शरीर कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढू लागतं, वाढत्या पिल्लात तर फारच लवकर. मग हाडं दिली पाहिजेत असा निष्कर्षही काढू नका. शिजलेली हाडं तडकतात आणि आतडं फाडतात. घरी शिजवूनच घालायचं असेल तर प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून पाककृती बेतून घ्या. नाहीतर सरळ ‘वाढीसाठी’ किंवा ‘सर्व वयोगटांसाठी’ असं लिहिलेलं पूर्ण खाद्य आणा. पिल्लांचं खाद्य मोठ्या कुत्र्याला कसं द्यायचं, असा प्रश्न पडतो, पण वजन भरण्याच्या काळात ते चालतं. त्यात घासागणिक ऊर्जा आणि प्रथिनं जास्त असतात, म्हणून लहान पोटात जास्त काम होतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर गणित वेगळं, ते डॉक्टरला विचारा.

‘जंताची एक गोळी’

एक गोळी आतड्यात त्या दिवशी असलेले जंत मारते. ऊतींमधून प्रवास करत असलेल्या अळ्या तिला बऱ्याचदा सापडत नाहीत आणि त्या नंतर आतड्यात उतरतात. म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा डोस देतात. हुकवर्म तर आतड्याला चिकटून रक्तच पितो, त्यामुळे पांढऱ्या पडलेल्या हिरड्या दिसल्या तर आधी त्याची शंका घ्या. पिसवांमधून येणारा पट्टकृमी पिसवा गेल्याशिवाय थांबत नाही. जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी आहे, जंतच नाही, त्यावर वेगळा उपचार लागतो. शीची तपासणी केली तर अंदाजाने गोळ्या देत बसावं लागत नाही.

मेसेजमधली खरी गफलत या गृहीतकात आहे की बारीक कुत्रा म्हणजे उपाशी कुत्रा, फार तर जंत झालेला. गोचीडताप रक्त आणि भूक दोन्ही खाऊन टाकतो. सडलेले दात असलेला कुत्रा भांड्याशी येतो, वास घेतो आणि मागे फिरतो. मधुमेहात भरपूर खाऊन, भरपूर पाणी पिऊन वजन उतरतं. आणि एक आजार असा आहे की तो ओळखला न गेल्यामुळे कुत्र्यांना उगाच ‘खादाड’ ठरवलं जातं: स्वादुपिंड पाचक एन्झाइम्सच तयार करत नाही. असा कुत्रा राक्षसासारखा खातो, कधी स्वतःची शीसुद्धा खातो, शी मोठाले ढीग, फिकट, तेलकट असते आणि अंगाला काही लागत नाही. जर्मन शेफर्डमध्ये हे विशेष आढळतं. उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या टीएलआय चाचणीत निदान होतं आणि जेवणात एन्झाइमची पावडर मिसळायला लागलं की बहुतेकांची प्रकृती पालटते. त्याला दुप्पट खाऊ घालून काहीही होणार नव्हतं. नीट मोजून अन्न देऊन, जंत काढूनही तीन-चार आठवड्यांत काटा हलत नसेल, तर भांडं मोठं करण्याआधी रक्त तपासा.

‘जिमवाल्यांची प्रोटीन पावडर’

डब्यावरचं लेबल वाचा. गोडीसाठी झायलिटॉल असेल तर तो डबा कुत्र्याच्या आसपासही नको. कधी ते ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ या नावानेही लिहिलेलं असतं. माणसाला निरुपद्रवी असलेला हा पदार्थ कुत्र्यात इन्शुलिनचा लोंढा आणतो, साखर कोसळते, मात्रा जास्त असेल तर यकृत निकामी होतं. चॉकलेट स्वादाच्या पावडरीत कोकोचा वेगळा त्रास. आणि हे सगळं नसलं तरी चांगल्या खाद्यातून पुरेशी प्रथिनं मिळत असलेल्या कुत्र्याला वरच्या चमच्याने स्नायू येत नाहीत. स्नायू येतात ते वापराने, आणि मेसेजची पुढची ओळ त्याबद्दलच आहे.

‘रोज सायकलबरोबर पळवा’

ज्याच्या मांड्यांवर मांसच नाही, त्याला पळवायचं म्हणजे सगळा भार सांध्यांवर. शिवाय पळण्यात खर्च होणारी ऊर्जा भरून निघण्याइतकं खाणं अजून त्याला पचत नसतं. पण सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे. हृदयात आणि फुप्फुसांच्या धमन्यांत राहणारा हार्टवर्म डासांतून पसरतो, आणि ज्या कुत्र्याच्या अंगात तो आहे त्याला जोराचा व्यायाम वर्ज्य असतो. उपचार चालू असताना तर कडक विश्रांती. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याला रक्ताची चाचणी न करता पळवणं हा निव्वळ जुगार आहे.

पहिल्या काही आठवड्यांत हळू चालणं पुरे. पट्टा सैल, वेग त्याचा, दिवसातून तीन-चार छोट्या फेऱ्या. नखं वाढलेली असतील तर आधी कापून घ्या, नाहीतर पाऊलच नीट पडत नाही. वजन वर सरकू लागलं, थकवा न येता फेरी पूर्ण होऊ लागली की हलका चढ घ्या. चढावर सावकाश चालताना मागच्या पायांना सपाटीवर चालण्यापेक्षा जास्त काम करावं लागतं. मग बसून उठण्याचे व्यायाम: खाऊ दाखवत सरळ बसवायचं, सरळ उठवायचं, पाच-सहा वेळा, एवढंच. जमिनीपासून जेमतेम वर ठेवलेल्या काठ्या एकेक पाय उचलून ओलांडायला लावा, यात पोटाचे आणि पाठीचे स्नायूही लागतात. ज्यांच्याजवळ मऊ वाळू किंवा गुडघाभर पाणी आहे त्यांनी तिथे चालवावं. मध्ये विश्रांतीचे दिवस हवेतच, कारण स्नायू बांधला जातो तो तेव्हा. दुसऱ्या दिवशी उठताना लंगडला किंवा जिना टाळू लागला तर आदल्या दिवशी जास्त झालं. चेंडू फेकण्याचा खेळ मात्र बराच पुढे ढकला. त्यातले गचके आणि गिरक्या कमकुवत गुडघ्याला परवडत नाहीत.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांनी स्वेच्छेने अर्धपोटी राहून एका अभ्यासात भाग घेतला होता. त्यांना पुन्हा खायला मिळू लागल्यावर दिसलं की चरबी आधी आणि झपाट्याने परतते, स्नायू मागून रेंगाळत येतात. ती माणसं होती हे खरं, पण रेस्क्यू कुत्र्यांतही हे चित्र ओळखीचं वाटेल: पोट गोल, कंबर गायब आणि मागचे पाय अजून थरथरताहेत. ‘महिन्याभरात’ ही मुदत पाळायला गेलं की नेमकं हेच घडतं. स्नायूंना काही महिने लागतात.

‘बरगड्या दिसेनाशा झाल्या की जिंकलात’

बरगड्या डोळ्यांनी नाही, हातांनी तपासायच्या. स्वतःच्या मुठीची उभी हाडं चाचपून पाहा, तशा लागल्या तर कुत्रा बारीक. हात सरळ ठेवून स्वतःच्याच हाताच्या मागच्या बाजूवर बोटं फिरवा, तशा लागल्या तर योग्य. तळहातासारखं मऊ लागलं आणि बरगडी शोधावी लागली, तर तुम्ही पलीकडे गेलात. पशुवैद्य १ ते ९ असा अंगकाठीचा गुण देतात, त्यात बहुतेक कुत्र्यांसाठी ४-५ चांगला. ग्रेहाउंडसारख्या जातींत ठणठणीत कुत्र्याच्याही शेवटच्या काही बरगड्या दिसतात, त्या झाकायचा हट्ट धरू नये. स्नायूंची तपासणी याहून वेगळी: कवटीच्या बाजू, खांद्याची पाती, मणके, खुबे इथे हात फिरवून खोलगट किती लागतं ते पाहायचं. जाड कुत्राही या तपासणीत नापास होऊ शकतो.

जास्तीच्या वजनाची किंमत किती, याचा एक चांगला पुरावा आहे. ४८ लॅब्रॅडॉरना जोड्या लावून आयुष्यभर खाऊ घातलं गेलं, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्य आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेही त्यांचेच उशिरा झिजले.

तेव्हा आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, जेवणाआधी वजन करा आणि त्याच दिवशी वरून व बाजूने एकेक फोटो काढा. मांडीचा घेर टेपने मोजलात तर उत्तमच, पण दर वेळी त्याच जागी आणि तो उभा असताना. वजन वाढतंय पण घेर तसाच आहे, तर अन्न वाढवू नका, चढ वाढवा. अंगकाठी ४ वर पोचली की वाढीचं खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत नेहमीच्या खाद्यावर या. तो तेव्हाही भांडं चाटून तुमच्याकडे बघेल. भुकेची ती सवय काही कुत्र्यांत वर्षानुवर्षं टिकते. त्यांना अन्न कोड्याच्या खेळण्यातून किंवा गवतात विखरून द्या, म्हणजे तेवढ्याच दाण्यांवर वेळ जास्त जातो. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांना वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू घाला.